नावात राहिलेला देवमासा



"ताई, ही क्रीम आपल्याला चालते का?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. सोबत डबीच्या मागच्या बाजूचा फोटो असतो. त्यावर बारीक अक्षरांत पंचवीस-तीस नावं. चौक्यात येणारी वस्तू आपण किती पारखून घेतो! पीठ कधी दळलं, पाणी गाळलेलं आहे ना, गोड केलं ते मधानं तर नाही? न्हाणीघराच्या फळीवरच्या डब्यांना मात्र आपण एवढं विचारत नाही, आणि विचारलंच तर ती नावं काही सांगत नाहीत.

याचं उत्तर 'चालते' किंवा 'नाही चालत' असं एका शब्दात देता येत नाही. त्या यादीतली बरीच नावं दीड-दोनशे वर्षांची आहेत आणि ती ज्या प्राण्यांवरून पडली ते प्राणी कधी डबीत आहेत, कधी नाहीत. म्हणून आज यादी न देता आधी इतिहास सांगते. तो कळला की यादी आपोआप वाचता येते.

भांडण तेल-पाण्याचं

क्रीम म्हणजे शेवटी तेल आणि पाणी. त्वचेला दोन्ही लागतं. नुसतं तेल चिकट बसतं, नुसतं पाणी उडून जातं. पण एका वाटीत दोन्ही घालून कितीही घुसळा, थोड्या वेळानं तेल वर आणि पाणी खाली. त्यांना एकत्र ठेवायला तिसरं कुणीतरी लागतं, ज्याचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. दुधात हे काम दुधातलीच प्रथिनं करतात, म्हणून साय धरेपर्यंत दूध एकजीव दिसतं. तेलकट तवा घासताना हेच काम साबण करतो. असं बांधलेलं मिश्रण म्हणजे इमल्शन आणि बांधणारा पदार्थ म्हणजे इमल्सिफायर.

सौंदर्यप्रसाधनांच्या शास्त्राचा निम्मा इतिहास हा या तिसऱ्याच्या शोधाचा इतिहास आहे. आणि हा तिसरा, किंवा त्याच्या जोडीला लागणारी घट्ट चरबी, शतकानुशतकं प्राण्यांकडूनच आली.

रोमन डबी

२००३ मध्ये लंडनच्या सदर्क भागात एका रोमन मंदिराच्या जागेवर उत्खननात कथलाची एक छोटी झाकणाची डबी सापडली. दुसऱ्या शतकातली. उघडली तर आत पांढरी क्रीम, आणि झाकणाला लागलेल्या क्रीमवर बोटांचे ठसे तसेच! ब्रिस्टल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ती तपासली. सुमारे ४० टक्के प्राण्यांची चरबी, तेवढंच स्टार्च आणि उरलेलं मुख्यतः कथलाचं ऑक्साइड निघालं. त्यांनी तसंच मिश्रण पुन्हा करून पाहिलं. चरबीचा चिकटपणा स्टार्चमुळे जातो आणि कथलामुळे पांढरेपणा येतो, असं दिसलं. त्या काळी चेहरा पांढरा करायला शिशाचा सफेदा सर्रास वापरत, आणि तो विषारी. कथील त्या मानानं निरुपद्रवी. म्हणजे कुणीतरी विचार करून ही कृती बसवली होती.

त्याच शतकातला वैद्य गॅलेन. कोल्ड क्रीमचं श्रेय परंपरेनं त्याला देतात. मधमाश्यांचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी, एवढीच कृती. मेण वितळवून तेलात मिसळायचं आणि गुलाबपाणी थोडं थोडं घालत घोटायचं. बांधणी कच्ची असल्यामुळे अंगाला लावताच पाणी सुटायचं, उडायचं आणि त्वचा गार पडायची. 'कोल्ड' हे नाव त्या गारव्याचं.

मद्य, मांस, मधु यांचा त्याग म्हणजे श्रावकाच्या मूलगुणांची पहिली पायरी. मेण त्याच पोळ्यातलं. म्हणजे ही पहिली प्रसिद्ध क्रीमसुद्धा आपल्या घरात आली नसती.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे तेल वेगळं होतं आणि उटणं वेगळं. अंगाला आधी तेल चोळायचं, मग हळद, चंदन, कचोरा, नागरमोथा, डाळीचं पीठ असं कोरडं उटणं आयत्या वेळी पाण्यात किंवा दुधात कालवायचं. तेल आणि पाणी एका डबीत महिनोन् महिने कोंडून ठेवायचंच नाही, त्यामुळे बांधणारा तिसरा लागतच नाही. सुगंधी द्रव्यांच्या कृतींचं शास्त्रही मोठं होतं. गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्या जोडीचा 'गंधवाद' या ग्रंथांचं हस्तलिखित पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी अभ्यासकांसमोर आणलं. त्यातल्या 'गंधवादा'वर चक्क जुन्या मराठीत टीका आहे. कुणा मराठी माणसाला शेकडो वर्षांपूर्वी या कृती आपल्या भाषेत समजावून सांगाव्याशा वाटल्या होत्या!

कोरड्या उटण्याचा दुसरा फायदा आपल्याला सांगायला नकोच. पिठाची मर्यादा आपण ऋतूप्रमाणे पाळतो, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. ओल आली की जीवोत्पत्ती, हे आपल्या घरातल्या मुलीलाही माहीत असतं. क्रीमचं तेच. पाणी आलं की तिच्यात जंतू वाढणार. म्हणून पाण्याच्या प्रत्येक क्रीममध्ये ते वाढू नयेत असं काहीतरी घालावंच लागतं. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं मिरवणारी पाणीदार घरगुती क्रीम महिनाभर ठेवून वापरणं आपल्या मर्यादेच्या विचारात बसत नाही आणि शास्त्रातही बसत नाही.

देवमाशाचं डोकं

युरोपात गॅलेनची कृती शतकानुशतकं चालली, पण ती मऊ पडायची, पाणी सोडायची. तिला घट्ट, पांढरी आणि गुळगुळीत करणारा पदार्थ समुद्रातून आला. स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाच्या प्रचंड डोक्यात तेल असतं. एका माशात शेकडो लिटर. ते थंड केलं की त्यातून पांढरं, स्फटिकासारखं मेण वेगळं होतं. त्याला स्पर्मासेटी म्हणतात. त्याच्या मेणबत्त्या विनाधूर जळत, आणि कोल्ड क्रीममध्ये ते मेणाच्या जोडीला जाऊन बसलं. औषधांच्या अधिकृत ग्रंथांतसुद्धा गुलाबपाण्याच्या मलमात स्पर्मासेटी लिहिलेलं असे.

पुढे एकोणिसाव्या शतकात या कृतीत टाकणखार आला. मधमाश्यांच्या मेणात थोडी मोकळी आम्लं असतात. त्यांच्याशी टाकणखाराचा संयोग झाला की तिथल्या तिथे साबण तयार होतो, आणि तोच तेल-पाण्याला बांधतो. क्रीम आता फुटेना. गॅलेनला न साधलेली गोष्ट चिमूटभर क्षारानं साधली.

चरबी उलगडणारा माणूस

हे असं का होतं ते कळायला एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ यावा लागला. मिशेल शेव्हरल. जन्म १७८६, मृत्यू १८८९. शंभरी ओलांडलेला हा माणूस तरुणपणी चरबीच्या मागे लागला. गुरांची चरबी, डुकराची चरबी, देवमाशाचं मेण, एकेक घेऊन तो क्षाराबरोबर तापवी आणि काय निघतं ते पाही. त्याला दिसलं की चरबी हा एकसंध पदार्थ नाही. तिच्यातून काही आम्लं सुटतात आणि त्यांच्याबरोबर एक गोड, चिकट द्रव सुटतो. त्या द्रवाला त्यानं ग्लिसरीन नाव दिलं, ग्रीकमधल्या 'गोड' या अर्थाच्या शब्दावरून. एका घट्ट आम्लाला स्टिअरिक म्हटलं, ग्रीकमधल्या 'चरबी'वरून. आणि १८१७ च्या सुमारास स्पर्मासेटीतून जो मेणचट पदार्थ निघाला त्याला पुढे सेटिल अल्कोहोल हे नाव पडलं. लॅटिनमध्ये 'सेटस' म्हणजे देवमासा.

मैत्रिणींनो, आता तुमच्या डबीची मागची बाजू बघा. सेटिल अल्कोहोल बहुतेक असेलच. त्या नावात देवमासा आहे. पण आज बाजारातलं सेटिल अल्कोहोल साधारणपणे पाम तेलापासून किंवा खनिज तेलापासून करतात. देवमासा नावात राहिला, डबीतून गेला.

याच्या उलट स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन. नावं कशी स्वच्छ, वैज्ञानिक वाटतात. पण ती गुरांच्या चरबीतूनही निघतात आणि पाम, खोबऱ्यातूनही. दोन्हींचा रेणू अगदी एकच. डबीवरच्या नावावरून ते कुठून आलं हे कळायला काहीच मार्ग नाही.

स्नोचे दिवस

स्टिअरिक आम्लातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवी क्रीम निघाली. हे आम्ल पाण्यात घालून त्यातल्या थोड्याच भागाला क्षार दिला की तेवढ्याचा साबण होतो आणि तो उरलेल्या आम्लाला पाण्यात धरून ठेवतो. क्रीममध्ये बहुतेक पाणीच. चोळली की नाहीशी होते, चेहऱ्यावर तेलकटपणा उरत नाही. तिकडे तिला व्हॅनिशिंग क्रीम म्हणाले, आपल्याकडे 'स्नो'. १९१९ मध्ये मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' निघाला. अफगाणिस्तानच्या राजानं तो पाहून 'हा तर आमच्याकडचा बर्फ' असं म्हटलं म्हणून हे नाव पडलं, अशी कथा सांगतात. आपल्या आज्यांच्या कपाटात पावडरच्या डब्याशेजारी ती निळी बाटली असायची, आणि 'स्नो-पावडर' हा मराठीत जोडशब्दच होऊन बसला.

मेंढीची लोकर

क्रीमची दुसरी वाट जर्मनीत निघाली. मेंढीच्या लोकरीला तिच्या अंगातला मेणचट ओशटपणा असतो. तो काढून शुद्ध केला की लॅनोलिन. लॅटिनमध्ये 'लाना' म्हणजे लोकर. १८८२ मध्ये लीब्राइख आणि ब्राउन यांनी त्याचं पेटंट घेतलं. हा पदार्थ स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी पोटात घेऊ शकतो. पुढे रसायनशास्त्रज्ञ आयझॅक लिफशुट्झ यांनी त्यातला नेमका पाणी धरणारा भाग वेगळा काढला आणि त्याला युसेरिट म्हटलं. हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना आणि कारखानदार ऑस्कर ट्रॉप्लोविट्झ यांनी त्याचं मोल ओळखलं, आणि १९११ मध्ये निव्हिया बाजारात आली. लॅटिनमध्ये 'निव्हिस' म्हणजे बर्फाचा. म्हणजे तीही एक 'स्नो'च!

स्नोमध्ये पाण्यात तेलाचे थेंब असतात. इथे उलट, तेलात पाण्याचे थेंब. म्हणून ती जाड बसते आणि थंडीत टिकते. लोकर कापताना मेंढी मरत नाही हे खरं. पण ज्या मेंढ्या लोकरीसाठी पाळतात त्यांचा शेवट बहुधा खाटकाकडेच होतो, हेही खरं.

आकडा आला, प्राणी सुटला

१९४९ मध्ये अमेरिकेतल्या ॲटलस पावडर कंपनीतल्या विल्यम ग्रिफिन यांनी एक साधी युक्ती मांडली. प्रत्येक इमल्सिफायरला ० ते २० असा अंक द्यायचा. अंक लहान म्हणजे त्याची ओढ तेलाकडे, मोठा म्हणजे पाण्याकडे. चारच्या आसपासचा घेतला की निव्हियासारखी तेलात पाण्याची क्रीम, बाराच्या आसपासचा घेतला की पाण्यात तेलाचं हलकं लोशन. याला एचएलबी म्हणतात, आणि आजही प्रसाधनं तयार करणारे हा आकडा मांडून सुरुवात करतात.

मला या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तोवर कृती म्हणजे 'मेण घ्या, देवमाशाचं स्पर्मासेटी घ्या, लोकरीचा ओशट घ्या'. आता कृती म्हणते, अमुक अंकाचा पदार्थ घ्या. तो खोबऱ्यातून आला की चरबीतून, याच्याशी आकड्याला देणंघेणं नाही. म्हणजे प्राण्याशिवाय क्रीम होऊ शकते, हे गणितानंच सांगून टाकलं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की आता कोणता पदार्थ येणार हे भाव ठरवू लागला. चरबी स्वस्त असेल तर चरबी.

पुढे एकेक प्राणी मागे पडत गेला. १९६० च्या दशकात काही वर्षी २०,००० हून जास्त स्पर्म व्हेल मारले गेले. त्यांचं तेल मुख्यतः यंत्रांना लागे, क्रीमला थोडं. १९७० मध्ये अमेरिकेनं हा मासा संकटग्रस्त ठरवला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं व्यापारी शिकार थांबवायचा ठराव केला. त्या तेलाची जागा होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांनी घेतली. त्यांचं तेल खरं म्हणजे द्रवरूप मेणच, देवमाशाच्या तेलाचा जवळचा नातेवाईक. आता त्याची लागवड राजस्थानातही होते. शार्कच्या यकृतातून निघणारं स्क्वालिन आता ऑलिव्ह आणि उसापासून मिळतं. कोंबड्यांच्या तुऱ्यांतून काढलं जाणारं हायल्युरॉनिक आम्ल आता जंतूंच्या आंबवणातून करतात. हेही अगदी निर्दोष नाही, हे आपण जाणतो. आंबवणातही जीव आहेत, आणि पामसाठी जंगलं तोडली जातात. पण एकेंद्रिय आणि पंचेंद्रिय यांतला फरक आपल्या आचार्यांनी उगाच सांगितलेला नाही.

ससे

एक प्रकरण सांगताना मन जड होतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगवायचा रंग निघाला. त्यातल्या रसायनानं बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, काही आंधळ्या झाल्या. अशा घटनांनंतर १९३८ मध्ये तिथे कायदा आला आणि प्रसाधनं सरकारी देखरेखीखाली आली. मग सुरक्षितता तपासायची कशी? १९४४ मध्ये जॉन ड्रेझ यांनी सशांच्या डोळ्यांत पदार्थ घालून पाहायची पद्धत मांडली, आणि ती जगभर चालू झाली. बाईच्या डोळ्याची राखण सशाच्या डोळ्यानं केली.

यातली कुठलीच बाजू आपल्याला सोपी नाही. न तपासलेलं प्रसाधन ही माणसाची हिंसा, तपासलेलं ही सशाची. सुदैवानं आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींवर बऱ्याच चाचण्या होतात. २०१३ मध्ये युरोपीय संघानं प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्री पूर्ण बंद केली, आणि २०१४ मध्ये भारतानं अशा चाचण्याही थांबवल्या आणि अशा मालाची आयातही.

विचारणाऱ्या बायका

१९८३ साल तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आयात केलेली गुरांची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि मग त्या चरबीच्या आयातीवर बंदी आली. कित्येक घरांनी तेव्हा डालडाचा डबा बंद केला तो कायमचा. तुपावर एवढा गदारोळ झाला, पण तीच चरबी साबणात वर्षानुवर्षं चालत आली होती, त्याकडे कुणाचं फार लक्ष नव्हतं.

ते लक्ष वेधणारे काही होते. पुण्यात १९७४ मध्ये डायना रत्नागर यांनी ब्युटी विदाउट क्रुएल्टीची भारतीय शाखा सुरू केली, आणि कोणत्या वस्तूत कोणता प्राणी आहे हे चिकाटीनं विचारून लोकांपुढे मांडलं. पुढे हा प्रश्न कोर्टातही गेला. २०१४ मध्ये साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांच्यावरही हिरवा किंवा तांबडा ठिपका असावा असा नियम आला. तरी आजही दुकानात काही डब्यांवर ठिपका दिसतो, काहींवर नाही. म्हणून विचारणं आपल्याकडेच राहतं.

तर आता यादी. इतिहास कळल्यावर ती तीन भागांत पाडता येते.

पहिला भाग, नेहमी प्राण्याचंच: लॅनोलिन, मधमाश्यांचं मेण (डबीवर 'बीजवॅक्स' किंवा 'सेरा अल्बा'), कार्माइन म्हणजेच 'सीआय ७५४७०', आणि शेलॅक. कार्माइन हा लिपस्टिकमधला लाल रंग कोचिनील किड्यांपासून होतो. एका पौंडाला सुमारे ७०,००० किडे लागतात असं म्हणतात. शेलॅक म्हणजे लाख. ती नेलपॉलिश आणि मस्करात असू शकते. पंधरा कर्मादानांतलं लाक्षावाणिज्य आठवा, आपल्या पूर्वजांनी हा व्यापारसुद्धा वर्ज्य मानला.

दुसरा भाग, विचारल्याशिवाय न कळणारं: ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, ग्लिसरील स्टिअरेट, स्क्वालेन.

तिसरा भाग, नाव भीतीचं पण आज बहुधा वनस्पतीचं: सेटिल अल्कोहोल, आणि 'कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड'. कॅप्रिक हे नाव लॅटिनमधल्या बोकडावरून आलं, पण हा पदार्थ साधारणपणे खोबरेल किंवा पाम तेलापासून करतात.

दुसऱ्या भागासाठी मी एकच करते. कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन ओळी लिहिते: "तुमच्या अमुक क्रीममधलं ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीचं आहे की प्राण्याचं? कृपया लेखी कळवा." काहींचं उत्तर दोन दिवसांत येतं, काहींचं गोलगोल येतं, काहींचं येतच नाही. जिचं येत नाही ती डबी मी घेत नाही.

मुनी महाराज आणि माताजींनी स्नान आणि शरीराचा शृंगार दोन्ही सोडलेले असतात. आपण गृहस्थ, आपलं तसं नाही. थंडीत टाचा फुटतात, हात उलतात, क्रीम लागते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाचा, म्हणजे बेपर्वाईचा, उल्लेख आधी येतो आणि प्राण घेण्याचा नंतर. दोनशे वर्षांच्या रसायनशास्त्रानं वनस्पतीची क्रीम शक्य करून ठेवली आहे. ती आपल्या फळीवर यायला आता फक्त कुणीतरी विचारायला हवं, आणि जितक्या जणी विचारतील तितकं कंपन्यांना चरबी स्वस्त असली तरी महाग पडेल.

तुम्ही कुणाला विचारलंत आणि काय उत्तर आलं, ते जरूर कळवा. सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

जय जिनेंद्र.